‘किती जण?’ ‘एकच.’

कोकणात एकट्यानं बाहेर जेवायचं असेल तर दारातूनच एक गोष्ट ताडून घ्यावी: इथला हिशेब ताटावर चालतो की टेबलावर?

खानावळीत ताटं मोजतात. सकाळी पन्नास ताटांचा भात लावला आणि तीनच्या आत पन्नास ताटं उठली, की मालकाचा दिवस भरला. त्यात तुम्ही एकटे आलात की सहा जणांत आलात, याचं त्याला सुखदुःख नाही. रेस्टॉरंटमध्ये टेबलं मोजतात. चार खुर्च्यांच्या टेबलावर एक माणूस बसला की तीन खुर्च्यांचा धंदा गेला, आणि शनिवारी दुपारी दाराबाहेर मुंबई-पुण्याच्या गाड्या उभ्या असतील तर ते वेटरच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसतं. एसी, गाद्यांच्या खुर्च्या, भिंतीवरची जाळी आणि होडीची चित्रं यांनी त्यात काही फरक पडत नाही. एकट्या माणसाला अवघडल्यासारखं होतं ते बहुतेक वेळा लोक बघतात म्हणून नव्हे, तर आपण कुणाची तरी जागा अडवतोय असं वाटतं म्हणून. ताटावर चालणाऱ्या जागी ते वाटतच नाही.

अशी जागा ओळखायची कशी? एक तर बाहेर किंवा गल्ल्यामागे फळा असतो आणि त्यावर रोज खडूनं लिहिलेलं असतं: बांगडा ताट, सुरमई ताट, मोरी (म्हणजे शार्क), कोळंबी, शाकाहारी, आणि पुढे भाव. संपलेल्या माशावर काट मारलेली दिसली तर उत्तम, म्हणजे फळा खरा आहे. दुसरं, साडेबाराच्या सुमारास आत डोकावून एकेकटे जेवणारे मोजा. तीन-चार माणसं आपापल्या ताटात मान घालून बसलेली असतील तर निःशंक आत जावं. तिसरं, खणांचं स्टीलचं ताट. चिनी मातीची बशी, दुमडलेला कागदी रुमाल आणि आठ पानी मेनूकार्ड, त्यात तंदूर, चायनीज, पंजाबी आणि शेवटच्या पानावर ‘मालवणी स्पेशल’ असेल तर समजावं की प्रत्येक रस्सा दोघांच्या मापाचा येणार आणि मासा फ्रीझरमधून निघणार.

हॉटेलांच्या नावांची यादी इथं मुद्दामच देत नाही. कोकणातली खानावळ म्हणजे चुलीपाशी असलेलं माणूस. ते बदललं की पाटी तीच राहते आणि वाटण बदलतं. त्यापेक्षा कुठल्या भागात शोधायचं हे कळलेलं बरं.

रत्नागिरीचं उदाहरण घेऊ. जिल्ह्याचं ठिकाण, त्यामुळे राजापूर, लांजा, संगमेश्वरहून रोज माणसं कामाला येतात. कुणाची कोर्टात तारीख, कुणाचं जिल्हा परिषदेत काम, कुणाचं माणूस सिव्हिलमध्ये. ही सगळी एकेकटी जेवणारी गिऱ्हाइकं. म्हणून कोर्ट, कचेऱ्या, सिव्हिल हॉस्पिटल आणि एसटी स्टँड यांच्या मागच्या गल्ल्यांत, मुख्य रस्त्यावर नव्हे, खानावळी सापडतात. मांडवी किंवा भाट्याच्या समुद्राकडे तोंड असलेल्या जागा फिरायला आलेल्या कुटुंबांसाठी असतात. तिथं सूर्यास्त बघावा, चहा घ्यावा आणि जेवायला परत गावात यावं. रेल्वे स्टेशन शहरात नाही, बाहेर कुवारबावच्या बाजूला आहे. रात्रीची गाडी असेल तर शहरातच जेवून निघा. स्टेशनवर वडापाव आणि चहा मिळेल, ताट मिळेल या भरवशावर राहू नये.

सिंधुदुर्गात हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. 1981 साली जिल्हा वेगळा झाला आणि कचेऱ्या ओरोसला गेल्या. कचेऱ्यांवर जगणारी खानावळ सोमवार ते शुक्रवार भरलेली आणि रविवारी कुलूप, तर मालवणात नेमकं उलटं: रविवारी पाय ठेवायला जागा नाही आणि मंगळवारी वेटरच तुमच्याशी गप्पा मारायला येतो. एकट्यानं कामाच्या दिवशी कचेरीच्या गावी आणि सुट्टीच्या दिवशी बाजाराच्या गावी जेवावं. सावंतवाडी, कुडाळ आणि रत्नागिरी जिल्ह्यातलं चिपळूण ही बाजाराची गावं, तिथं दोन्ही प्रकार मिळतात.

वेळेचं मात्र काटेकोर आहे. दुपारचं ताट बाराला सुरू होतं आणि तीनला संपतं. संपतं म्हणजे खरोखर संपतं, कारण त्यानंतर घरची माणसं जेवायला बसतात. पावणेतीनला पोचलात तर रस्सा असतो, तुकडी नसते. तळलेली तुकडी नेहमी रश्शाच्या आधी संपते. उशीर होणार असेल तर फोन करून ‘एकाचं ताट आहे, एक तुकडी ठेवा, अडीचपर्यंत येतो’ एवढं सांगितलं की काम होतं. साडेतीन ते सात ही कोकणातली उपाशी वेळ. तेव्हा भजी, वडा, मिसळ, उसळपाव यांवर भागवायचं. रात्री साडेसात-आठला पुन्हा चूल पेटते आणि दहाला गाव झोपतं. सगळ्यात निवांत वेळ दोन: दुपारी सव्वाबाराच्या आत, किंवा रात्री आठच्या ठोक्याला.

वाराचंही गणित आहे. मासे खाण्याचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत पाळले जातात, त्यामुळे त्या दिवशी मत्स्याहारी खानावळीत जागा भरपूर, पण मासा आदल्या दिवशीचा असण्याची शक्यताही जास्त. एकट्यासाठी बुधवार-शुक्रवार सगळ्यात बरे. गिऱ्हाईक स्थानिक, माल फिरता आणि पर्यटक अजून आलेले नसतात. श्रावणात कितीतरी जागा शाकाहारी होतात किंवा रंगरंगोटीसाठी बंद राहतात. अंगारकीला गणपतीपुळ्याच्या बाजूला एकट्यानं जेवणाच्या आशेनं जाऊ नये, तिथं त्या दिवशी रांग देवळासाठी आणि रांग खानावळीसाठी.

आता ताटात काय मागायचं. ताट हे मुळातच एका माणसाचं माप आहे: दोन चपात्या किंवा तांदळाची भाकरी, भात, वाटीभर कालवण, एखादं सुकं किंवा भाजी, तळलेली तुकडी, सोलकढी. रस्सा पुन्हा वाढतात, बहुतेक जागी पैसे न घेता. तुकडी पुन्हा मागितली की पैसे पडतात, हे गृहीत धरावं. सिंधुदुर्गात ‘उकडा की सुरय?’ असं विचारतील. उकडा भात जाड आणि लालसर, सुरय म्हणजे न उकडलेल्या तांदळाचा साधा भात. उकड्याची सवय नसेल तर सुरय घ्या. कोंबडी-वडे मागवले तर चार-पाच वडे येतात आणि ते तांदूळ-उडदाचे तळलेले असतात. पाहिजे तर अर्धे वडे आणि थोडा भात असं आधीच सांगा, बहुतेक जण ऐकतात. गावठी कोंबडी अख्खी शिजते, एकट्यासाठी कुणी नव्यानं चढवत नाही. दुसऱ्या कुणाची ऑर्डर असेल तर त्यातलं ताट मिळतं, म्हणून ‘आज गावठी कुणी सांगितलीय का?’ हा प्रश्न विचारायला लाजू नये. मोदकांचं तसंच. उकडीचे मोदक मागणीप्रमाणे वळतात, दोन मोदकांसाठी कुणी उकड काढणार नाही. मोठ्या ऑर्डरीतले दोन मागून घ्या.

फळ्यावर भावाच्या जागी ‘साइजप्रमाणे’ लिहिलं असेल (पापलेट, खेकडा, मोठी कोळंबी) तर आधी मासा बघून भाव ठरवून घ्या. चौघांत वाटला जाणारा धक्का एकट्याच्या बिलावर पूर्ण बसतो. मालवणकडे पापलेटला सरंगा म्हणतात, नाव वेगळं दिसलं म्हणून तो स्वस्त मासा समजू नये.

कुठला मासा एकट्यानं खाण्याजोगा, हा वेगळाच विषय आहे. सोबत कुणी नसलं की डोळे फोनकडे किंवा पुस्तकाकडे जातात. तसं करायचंच असेल तर सुरमई किंवा हलवा घ्या: मधला मणका काढला की पुढचं सगळं मांस. मोरीला काटाच नाही, मऊ कूर्चा असते. पण मोरीला वास बघावा. शार्कच्या अंगात युरिया असतो, मासा शिळा झाला की त्याचा अमोनिया होतो आणि मसाल्यातूनही तो उग्र वास लपत नाही. बांगडा मधला. पाठीकडून सोलत गेलं तर बाजूचे काटे ओळीनं निघतात, फक्त लक्ष ताटात हवं. पेडवे, तारली, कर्ली असे काटेरी मासे खाताना फोन खिशात. मांदेली कुरकुरीत तळलेली असेल तर काट्यासकट चावता येते. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, घेतल्या तर टरफलांसाठी वेगळी वाटी मागा, नाहीतर अर्ध्या जेवणात ताटात खायला जागा उरत नाही. आणि खेकडा? दोन्ही हात, पाऊण तास आणि अंगावरचा शर्ट एवढं सगळं द्यायची तयारी असेल तरच. एसटी पकडायची असेल त्या दिवशी नाहीच.

तळलेल्या माशाचे कल्ले बघता येत नाहीत, पण ताजा मासा बोटांत कळतो. मांस हाडापासून पाकळीपाकळीनं सुटतं. पिठूळ, लगदा झालेलं असेल तर शिळा. बांगड्याच्या बाबतीत एक गोष्ट एकट्यानं खाणाऱ्याला माहीत हवीच. बांगडा, कुपा (ट्यूना) असे मासे पकडल्यावर उन्हात राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं, आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. जिभेवर मिरीसारखी चुणचुण, ओठांभोवती जळजळ, तोंड लाल होणं अशी लक्षणं मसाल्याची वाटतात, पण ती मसाल्याची नसतात. पहिल्या घासालाच असं वाटलं तर तो मासा बाजूला ठेवा. त्रास बहुधा काही तासांत ओसरतो. श्वास लागला तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठावा, आणि गल्ल्यावर सांगून निघावं.

1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. तेव्हा फळ्यावर सुरमई-पापलेट दिसलं तर ते बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते, त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात तिकडचा माल इकडे येऊ शकतो. वाईट असतोच असं नाही, पण ताज्याच्या भावानं घेऊ नये. या दोन महिन्यांत एकट्यानं खायला खरं सुख म्हणजे खाडीचे मासे, सुक्या जवळ्याची चटणी, सोड्यांचा, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा, रस्सा, आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. शेवटचं मिळालं तर त्याच्याबरोबर आंबोळ्या मागा. पाहुण्यांना ते फारसं कुणी देत नाही, घरचं म्हणून ठेवतात.

सोलकढी नारळाच्या दुधाची, म्हणून उकाड्यात चार-पाच तासांत आंबते. रात्री साडेआठला दुपारची कढी मिळाली तर वर चोथ्यासारखा थर आणि खाली पाणी असं फाटलेलं दिसतं. ‘आत्ताची आहे का?’ एवढंच विचारा. भडक गुलाबी रंग बघून हुरळू नये, आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, कढी फिकटच असते.

बसायचं कुठं? भिंतीकडे पाठ आणि गल्ला नजरेत, ही जागा उत्तम. वाढणाऱ्याला तुमचं ताट दिसतं आणि तुम्हाला हाक मारावी लागत नाही. हात धुण्याच्या बेसिनजवळची जागा टाळा, जेवणभर कुणी ना कुणी मागून खाकरत असतं. पावसाळ्यात दाराजवळ बसू नये, छत्र्यांचं पाणी पायाखाली येतं. गर्दीत समोरची खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागते. ‘बसू का?’ ‘बसा की’ एवढ्यावर ते संपतं, पुढं बोलायलाच हवं असा नियम नाही. समोरच्यानं ‘कुठले?’ विचारलं तर गावाचं नाव सांगून घास घ्यावा. कोकणात हा प्रश्न चौकशीपेक्षा नमस्काराच्या जातीचा असतो.

एकट्याची खरी पंचाईत होते ती मध्येच उठल्यावर. हात धुवायला किंवा फोन घ्यायला गेलात की पोऱ्या ताट उचलतो, कारण उठलेला माणूस म्हणजे जेवलेला माणूस. अर्धी भाकरी ताटावर आडवी ठेवून, खुर्चीवर पिशवी नव्हे तर रुमाल किंवा पाण्याची बाटली ठेवून, ‘परत येतोय’ असं वाढणाऱ्याला ऐकू जाईल असं सांगून जा. पाकीट आणि फोन मात्र बरोबर न्या.

बाईमाणसानं एकटीनं जेवायला जाताना पाटी नीट वाचावी. ‘परमिट रूम’ आणि ‘फॅमिली रूम’ एकाच इमारतीत असतील तर तीन गोष्टी बघाव्यात: फॅमिली रूमचं दार वेगळं आहे का, तिथं पोचायला बारमधून जावं लागतं का, आणि बाथरूम कुठल्या बाजूला आहे. दार वेगळं आणि बाथरूम बारच्या मागे, असं बऱ्याचदा निघतं, आणि ते ताट समोर आल्यावर कळून उपयोग नाही. काकी किंवा वहिनी गल्ल्यावर बसलेली घरगुती खानावळ, किंवा बचत गटाचं भोजनालय असेल तर हा प्रश्नच येत नाही. रात्रीच्या जेवणाची जागा दुपारीच जाऊन बघून ठेवणं हा त्यातल्या त्यात सोपा उपाय. एकट्या पुरुषाला उलटा अनुभव येतो: फॅमिली रूम रिकामी असली तरी त्याला बारकडे पाठवतात. वाद घालू नये. ‘दारू नको, फक्त जेवण’ एवढं म्हटलं की निम्म्या वेळा आत घेतात, उरलेल्या वेळी उडपी गाठावं. रत्नागिरीत बिर्याणीची हॉटेलंही एकट्याला सोयीची, कारण तिथं हाफ आणि फुल असं माप प्लेटचंच असतं.

हर्णै, गुहागर, दिवेआगर, हरिहरेश्वर या बाजूला जेवण बहुतेक घरगुती आणि सांगून केलेलं. सकाळी दहाच्या आत फोन करायला हवा. ‘एकट्यासाठी करत नाही’ असं उत्तर आलं तर ते तोडून टाकणं नव्हे, हिशेब आहे. ‘दुसरी पंगत असेल तेव्हा त्यात बसवाल का?’ असं विचारा, वेळ त्यांची घ्या, मासा तेच ठरवतील हे मान्य करा. शंभरातल्या नव्वद घरी होकार येतो, असं म्हटलं तर आकडा अंदाजाचा पण अनुभव खरा.

पैसे देताना सुटे जवळ असू द्या. पावसात लाईट जाते, नेट जातं आणि क्यूआर कोड भिंतीवरचं चित्र होऊन बसतं. रेस्टॉरंटच्या बिलात जीएसटी 5 टक्के असतो, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच तसं सांगितलेलं आहे, तो काढायला सांगा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठोक कर भरणाऱ्या, छोट्या खानावळीला गिऱ्हाईकाकडून कर घ्यायचा अधिकारच नाही. अर्थात फळ्यावरचा भाव हाच तिथला शेवटचा भाव असतो, बिल मागितलं तर आधी कागद शोधावा लागतो.

बदली होऊन आलेल्यांसाठी महिन्याचं कार्ड हा प्रकार वेगळा. ठरवताना भाव शेवटी विचारा, आधी खाड्याचं विचारा: एका वेळचं जेवण चुकलं तर ते वजा होतं का, महिन्यात किती खाडे चालतात, किती वाजेपर्यंत कळवायचं. दुपारचा खाडा सकाळी नऊच्या आत आणि रात्रीचा चारच्या आत, असं साधारण असतं. शनिवार-रविवार गावी जाणाऱ्याला तीस दिवसांचं कार्ड परवडत नाही, त्यानं साठ ताटांचं मागावं, वापरू तेवढं कापायचं. मासळीचं ताट आठवड्यातून कुठल्या वारी, तुकडी कार्डात धरलेली की वेगळी, आणि श्रावणात भाव तोच राहणार का, हेही त्याच दिवशी. बोलणं मालकाशी झालं तरी खाड्याची वही मालकीणबाईंकडे असते, सांगायचं त्यांनाच.